दहावा माणूस फोन उचलत नाही

व्हिटबी, ओंटारिओ
मार्चचा पहिला रविवार, बाहेर उणे चौदा

तीर्थरूप सिम्हामावशीस नाथनचा वाकून नमस्कार आणि शालोम.

तुझे गुडघे, तुझं ब्लडप्रेशर आणि तुझ्या शेजारच्या ताराबाई, तिघंही ताब्यात असतील अशी आशा आहे. आम्ही इथे बरे आहोत. म्हणजे ओरितचा खांदा बर्फ शोव्हल करून दुखतो, माझा न करून दुखतो, आणि लिओरा वॉटर्लूला शिकते आहे, निदान युनिव्हर्सिटी जी पत्रं पाठवते त्यांवरून तरी तसं दिसतं. माझं हस्ताक्षर पाहून तू दचकली असशील आणि आधी कोण गेलं ते शोधत शेवटच्या ओळीपर्यंत पोचली असशील, तर परत वर ये. कोणी गेलेलं नाही. तुला पत्र लिहून मला एकवीस वर्षं झाली. आत्ताच का लिहावं लागलं ते येईल ओघात. आधी माझी तक्रार ऐक.

अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो की गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझा एक टोस्ट चहात बुडाला. तू हसशील. पण आठवडाभर ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या माणसाचं रविवारचं सुख केवढं असतं? एक कप चहा, एक टोस्ट. टोस्ट चहात धरून मनातल्या मनात चारपर्यंत मोजायचं आणि काढायचा. (तीनला काढला तर कडक राहतो, पाचला काढला तर अर्धाच वर येतो. हे मी ओरितला समजावलं आहे. तिने ऐकून घेतलं.) तर त्या दिवशी तीनवर असताना फोन वाजला. नंबर गावातला. हातातला टोस्ट सोडून मी फोन उचलला, आणि एका रेकॉर्ड केलेल्या बाईने मला विचारलं की आपल्या घराचे डक्ट शेवटचे कधी साफ केले होते.

इथे घर गरम ठेवायला भिंतींतून हवेचे पोकळ नळ फिरवलेले असतात, त्यांना डक्ट म्हणतात. माझ्या घरात ते आहेत हे मला या बाईंकडूनच कळलं. तेव्हापासून त्या दिवसातून चार वेळा माझ्या डक्टची चौकशी करतात. माझ्या सख्ख्या भावाने माझ्या बायपासनंतर एकदाच फोन केला होता.

खरी मेख नंबरात आहे. माझ्या फोनचे पहिले सहा आकडे आणि या बाईंचे पहिले सहा आकडे एकच. असा नंबर दिसला की माणसाला वाटतं गावातलंच कोणीतरी असेल, दातांच्या डॉक्टरची रिसेप्शनिस्ट असेल, नाहीतर ज्याच्या दारासमोर आपण गाडी लावली आहे तो असेल. म्हणून आपण उचलतो, आणि आपण उचलतो म्हणूनच ते तसा नंबर लावतात. बोलणारा बसलेला असतो कुठल्या कुठे. कॉम्प्युटरला सांगितलं की तो हव्या त्या नंबराचा मुखवटा चढवून देतो. एकदा तर मला माझ्याच नंबरावरून फोन आला. मी बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिलो. उचलला नाही. मला माझ्याशी बोलण्यासारखं काही नव्हतं.

मग मी या विषयाचा अभ्यास सुरू केला. (ओरित म्हणते, इतका अभ्यास कॉलेजात केला असता तर आज डक्टवाल्या बाईंनी मला सेक्रेटरीतर्फे फोन केला असता.) टॅक्स ऑफिसातून बोलतो म्हणणारा इसम, जो तासाभरात पोलीस पाठवणार असतो आणि दंड मात्र दुकानात मिळणाऱ्या गिफ्ट कार्डांवर घेतो. बँकेच्या फसवणूकविरोधी विभागातला गृहस्थ, जो आपली फसवणूक टाळण्यासाठी आपला पासवर्ड मागतो. तुमच्या नावाचं पार्सल अडलंय म्हणणारी बाई. आणि सगळ्यांत वाईट, म्हाताऱ्या माणसांना येणारा तो रडका आवाज: आजोबा, मी तुमचा नातू, अडकलोय, लगेच या, आईला सांगू नका. या सगळ्यांची लक्षणं मी काढली. नंबर जवळचा. आवाज नम्र. काम तातडीचं. नातं सांगतात, पुरावा देत नाहीत. आणि पाचवं, घरच्यांना कळू द्यायचं नाही.

इतकं ज्ञान झाल्यावर ते कोणाला तरी दिल्याशिवाय राहवत नाही. त्यातच ओशावाच्या एका आजीबाईंनी मला फोन करून झापलं की मी त्यांना डक्ट साफ करण्यासाठी रोज छळतो. कोणीतरी माझ्या नंबराचा मुखवटा चढवून त्यांना फोन करत होतं. मी आधी समजावलं आणि शेवटी कंटाळून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी मी फोन आणि नंबर दोन्ही बदलले, आणि डिसेंबरात हनुक्काला सॅमकाकांकडे बारा स्लाइडांचं व्याख्यान दिलं. (सॅमकाका म्हणजे अ‍ॅजॅक्सचे सॅम्युएल रोहेकर, वय अठ्ठ्याहत्तर. इथे आपलं स्वतःचं सिनेगॉग नाही, म्हणून आम्ही मूठभर बेने इस्रायल सणाला त्यांच्या हॉलमध्ये जमतो आणि प्रार्थना तेच चालवतात.) लोकांना दिवे लावून जेवायचं होतं. मी स्लाइड सातपर्यंत कोणाला वडा घेऊ दिला नाही. अनोळखी नंबर उचलायचा नाही. 'हा माझा नवा नंबर' असा मेसेज आला की पुसायचा आणि स्पॅम म्हणून कळवायचा. ओळखीचा आवाज आला तरी भुलायचं नाही, हल्ली मशीन कोणाचाही आवाज काढतं. आणि शंका आली तर पासवर्ड विचारायचा. आपल्या सगळ्यांचा एकच पासवर्ड मी ठरवून दिला: बिरडं. कुठल्याही भामट्याला सात जन्मांत सुचणार नाही.

तुला तर मी पन्नास मिनिटं फोनवर शिकवलं. 'प्लस वन'ने सुरू होणारा नंबर नावासकट दिसला नाही तर उचलायचा नाही. तू विचारलंस, "आणि तूच असलास तर?" मी म्हणालो, मी असलो तरी नाही.

पुढचं, मावशी, जरा बसून वाच.

जानेवारीत तुझा मटान नोकरीसाठी टोरोंटोला आला. आल्यावर नवं सिमकार्ड घेतलं, लिओराकडून माझा नंबर मिळवला आणि मला मेसेज केला: दादा, मी मटान, हा माझा नवा नंबर, अर्जंट फोन कर. मी तो पुसला, स्पॅम म्हणून कळवला आणि नंबर ब्लॉक केला. त्यानंतर महिनाभर ओरितला ऐकवत होतो की बघ, मावसभाऊ इथे येऊन राहिला आणि एक फोन नाही, नव्या पिढीला नाती नकोतच.

तो फोन कशासाठी करत होता ते तुला ठाऊक आहे. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी आपल्या तारखेने बिन्यामिनकाकांना जाऊन वर्ष होत होतं. टोरोंटोच्या मोठ्या सिनेगॉगमध्ये दहा काय चाळीस माणसं रोज असतात, पण मटानने म्हणायचा पहिल्या वर्षाचा कद्दिश आपल्या चालीत व्हावा असं काका सांगून गेले होते. ती चाल इथे फक्त सॅमकाकांच्या हॉलमध्ये येते. मटानने माणसं जमवली, गाड्या ठरवल्या, आणि सकाळी त्यातल्या एकांची बर्फ शोव्हल करताना पाठ धरली. चार वाजता सॅमकाकांनी मोजलं. (आपल्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत, दहा शब्दांचं वचन म्हणत एकेकावरून नजर फिरवतात.) ते नवव्या शब्दावर थांबले. बेसमेंटमधला भाडेकरू शशिकांत, मूळ नागपूरचा, चहाचे कप घेऊन वर आला होता. सगळे गप्प का, असं त्याने विचारलं. सॅमकाकांनी सांगितलं, दहा ज्यू पुरुष असले, म्हणजे मिन्यान झाला, तरच मुलाला बापासाठी ही प्रार्थना म्हणता येते. नऊ असले तर पुस्तक मिटायचं. आणि सूर्य मावळला की दिवस संपला. शशिकांत म्हणाला, "मी मागे उभा राहिलो तर नाही का चालणार? काही बोलणार नाही." सॅमकाका म्हणाले, "तू चालला असतास तर मला फार आवडलं असतं रे."

मग सगळे मटानकडून माझा नंबर घेऊन मला फोन करू लागले. मी पंधरा मिनिटांवर राहतो. पण त्या सगळ्यांचे नंबर माझ्या नव्या फोनात नव्हते, आणि मटानचा ब्लॉक होता. ओरितही माझीच विद्यार्थिनी, तिने उचलला नाही; लिओराचा लायब्ररीत बंद होता, आणि आता उचलेल, मग उचलेल करत माझ्या घरी गाडी पाठवायचं राहून गेलं. शेवटी शशिकांत म्हणाला, माझ्या फोनवरून लावून बघू, माझा नंबर त्यांच्याच भागातला आहे.

हे सगळं मला नंतर कळलं. माझ्या बाजूने घडलं ते असं. पाच वाजून बारा मिनिटं. चहा समोर. स्थानिक नंबर, पहिले सहा आकडे तेच. त्या दिवशी माझा मूड शिकारीचा होता. (हल्ली मी असे फोन मुद्दाम उचलून त्यांचा वेळ खातो. तेवढा वेळ दुसरा कोणी म्हातारा वाचतो, असं माझं समाजकार्य.)

आता हा शशिकांत दिवसा एका कंपनीच्या ग्राहकसेवेत फोनवर बसतो. जीभ त्याच वळणाची. "सर, गुड आफ्टरनून, मी मिस्टर नाथन झिराडकर यांच्याशी बोलतोय का? सर, घाबरण्यासारखं काही नाही. फक्त लाइनवर राहा, मी तुम्हाला जोडून देतो." मावशी, ही दोन्ही वाक्यं माझ्या चौथ्या स्लाइडवर लाल अक्षरांत आहेत.

मग दुसरा आवाज आला. "दादा, मी मटान. आत्ताच्या आत्ता नीघ, पंधरा मिनिटांत पोचायला हवं."

"किती आणायचे?"

"काय किती?"

"पैसे."

"पैसे नकोत रे दादा, तू फक्त ये."

पैसे न मागणारा भामटा मला पहिल्यांदाच भेटत होता. हा मुरलेला दिसतो, असं मी मनात नोंदवलं, आणि पासवर्ड विचारला. त्याला कुठून माहीत असणार? हनुक्काला तो ठाण्यात होता. मागून सॅमकाकांचा आवाज आला (मशीनने फार हुबेहूब काढलाय, असं मला वाटलं): "अरे, काहीतरी खायचं होतं. चिकाचा हलवा? नाथन, चिकाचा हलवा आहे का? सांदणं? पुरी?" मी त्यांना सांगितलं की तुमच्या टोळीने आमच्या स्वयंपाकघरापर्यंत अभ्यास केला त्याचं मला कौतुक वाटतं, पण उत्तर चूक आहे. "गाढवा, सूर्य चाललाय," सॅमकाका म्हणाले. मी विचारलं, कुठे?

पुढची काही मिनिटं मी बोललो. तुम्ही तरुण आहात, चांगल्या घरातले वाटता, मराठीही नीट बोलता, हे असलं काम का करता, वगैरे. फारच चांगलं बोललो. मला स्वतःलाच ऐकत राहावंसं वाटत होतं. शेवटी विचारलं, "तुझ्या आईला हे कळलं तर तिला काय वाटेल?"

तो म्हणाला, "आईला हे कळता कामा नये, दादा."

घरच्यांना कळू द्यायचं नाही. पाचवं लक्षण. मी विजयाने फोन ठेवला. एकूण अकरा मिनिटं. पाच एकेचाळीसला सूर्य मावळला. माझा टोस्ट त्या दिवशी अखंड बाहेर आला.

संध्याकाळी लिओराचा फोन आला. तिचा नंबर नावासकट दिसतो. "डॅड, डिड यू जस्ट वेस्ट इलेव्हन मिनिट्स ऑफ अ मिन्यान?" मी मराठीत काय काय विचारत होतो आणि ती इंग्रजीत एकेक सांगत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलत होती.

मी सॅमकाकांकडे गेलो. ते म्हणाले, हुकलेला कद्दिश दुसऱ्या एखाद्या दिवशी म्हणता येतो, तो दिवस तो नसतो एवढंच. माणसं तू जमव. मी जमवायला बसलो. पण माझा नंबर नवा. एकानेही उचलला नाही. मी मेसेज केला, 'मी नाथन झिराडकर, हा माझा नवा नंबर.' सगळ्यांनी शिकवल्याप्रमाणे पुसला आणि कळवला. ओरितने तिच्या फोनवर मला दाखवलं, आता माझा फोन आला की माझ्या नावाच्या जागी 'संशयित स्पॅम' असं येतं. माझे इतके आज्ञाधारक विद्यार्थी असतील याची मला कल्पना नव्हती.

तेव्हा मी गाडी काढली. दोन शनिवार-रविवार, स्कारबरो, टोरोंटो, मिसिसागा, दारोदार. (शनिवारी शब्बाथ, म्हणून सूर्य मावळल्यावरच. निदान सॅमकाकांना तसंच सांग.) सगळ्यांत आधी मटानच्या काँडोच्या इमारतीखाली उभा राहिलो. खालचं बटण दाबलं की त्याला वर आवाज जातो. वरून विचारणा झाली, "पासवर्ड?"

मी म्हणालो, "बिरडं."

माझ्यामागे कुत्रं घेऊन एक बाई येऊन उभी राहिली, तिलाही आत जायचं होतं. मग दार उघडलं.

वर गेल्यावर त्याने चहा केला. मी माफीचं भाषण तयार करून नेलं होतं, ते पहिल्या वाक्याला संपलं. तो म्हणाला, "आईने विचारलं, नीट झालं ना? मी हो म्हणालो. तुझं नाव कशाला मध्ये आणायचं."

तर मावशी, तुझ्या मुलाने तुला खोटं सांगितलं आणि ते माझ्यासाठी सांगितलं. त्या रविवारी काकांचा कद्दिश झाला नाही. माझ्यामुळे झाला नाही. गेले तीन आठवडे हे तुला तोंडाने सांगावं म्हणून मी रोज फोन करतो आहे, आणि तू उचलत नाहीस. तुला लिओराकडून किंवा ताराबाईंकडून कळलं आहे आणि तू रागावली आहेस, की तुला काहीच माहीत नाही आणि तू फक्त माझं ऐकते आहेस, हे मला इथून ओळखता येत नाही. यासाठी माझ्याकडे एकही लक्षण नाही.

ओरितचा नमस्कार. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझा,
नाथन

ता. क. वरचं सगळं फोनच्या भामट्यांबद्दल होतं असं वाटलं असेल तर तसं नाही. एक काम आहे. हे पत्र मिळाल्यानंतरच्या रविवारी, तुझ्या संध्याकाळी सातला, एक 'प्लस वन'वाला नंबर वाजेल. नाव दिसणार नाही. उचल. शिव्या द्यायच्या असतील तर दे. बोलायचं नसेल तर उचलून नुसता धर, मला मागचा ताराबाईंचा टीव्ही ऐकू आला तरी पुरे. पासवर्ड विचारलास तर मला येतो.

ता. क. दुसरा. मी या विषयातला जाणकार कसा झालो हे कोणाला माहीत नाही. गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे टोस्टच्या महिनाभर आधी, टॅक्स ऑफिसातून एका इसमाचा फोन आला. मी औषधाच्या दुकानातून गिफ्ट कार्डं घेतली आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून त्यांचे आकडे त्याला एकेक करून वाचून दाखवले. चष्मा नव्हता, म्हणून दोनदा वाचले. तो शेवटपर्यंत मला सर म्हणत होता. ओरितला सांगू नकोस. (पाचवं लक्षण, मला कळतंय.)

ता. क. तिसरा. आज सकाळी अ‍ॅजॅक्सला जमलो. सॅमकाका वचन म्हणत नजर फिरवत आले, दहावा शब्द माझ्यावर पडला आणि ते पुढे न बोलता पुस्तक उघडू लागले. मटानने कद्दिश म्हटला, आपल्या चालीत, एका ठिकाणी अडखळला आणि पुन्हा लागला. शशिकांत जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होता. माझ्या खिशात फोन थरथरत होता. कोणाचा होता ते अजून पाहिलेलं नाही.

उभं असताना मला ठाण्याच्या चरईतला आपला जिना आठवत होता. बाबा गेले त्या वर्षी मी एकवीसचा होतो, आणि आठवड्यातून दोनदा तरी एक माणूस कमी पडायचा. फोन तुमच्याकडेही नव्हता. खालून कोणीतरी हाक मारायचं, "बिन्यामिन, एक कमी आहे," आणि काका जेवत असले तर हात धुऊन चपला घालायचे. कोण बोलावतंय हे त्यांनी कधी विचारलं नाही. तू ताट झाकून ठेवायचीस.

पुढच्या वर्षीची तारीख सॅमकाकांच्या फ्रीजवर मी माझ्या हाताने लिहून आलो आहे. त्या दिवशी मला कोणी फोन करायचा नाही असं सगळ्यांना सांगितलं आहे. मी तीन वाजताच जाऊन बसेन.